गावसकर स्वार्थी होते का? लॉर्ड्सच्या त्या ३६ धावांवरून पुन्हा एकदा

दादरवाला

परवा ‘सरळ बॅट’ यांनी लिहिलेला मजकूर वाचून दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सुनील गावसकर संघासाठी नव्हे तर स्वतःच्या सरासरीसाठी खेळले, त्यांना नको तेवढे डोक्यावर घेतले गेले, आणि ७ जून १९७५ रोजी पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी लॉर्ड्सवर ६० षटके उभे राहून त्यांनी १७४ चेंडूंत केलेल्या नाबाद ३६ धावा हा त्याचा ढळढळीत पुरावा आहे. इंग्लंडच्या ४ बाद ३३४ धावांना आपण ३ बाद १३२ असे उत्तर दिले आणि २०२ धावांनी हरलो, हे मलाही पाठ आहे. त्या खेळीची पाठराखण मी करणार नाही. खुद्द गावसकरांनीही ती आपली सर्वांत वाईट खेळी मानली आहे.

पण १२५ कसोटींच्या कारकिर्दीचा निकाल एका दुपारवरून लावायचा, हा कुठला न्याय? १९७१ साली २१ वर्षांचा हा मुलगा वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा करतो, त्यातली शेवटची १२४ आणि २२० ही जोडी दातदुखीने हैराण असताना काढतो, आणि आपण त्या भूमीवर पहिल्यांदा मालिका जिंकतो. १९७९ साली इंग्लंडविरुद्ध ओव्हलवर ४३८ धावांचे लक्ष्य असताना तोच माणूस २२१ करतो आणि सामना ८ बाद ४२९ वर थांबतो. या डावांना स्वार्थ म्हणायचे असेल, तर असा स्वार्थी सलामीवीर प्रत्येक पिढीत एक तरी मिळावा, अशीच प्रार्थना मी करेन.

सरळ बॅट

आपण भावनेच्या भरात लिहिता आहात, मी आकड्यांवर बोलतो. विंडीजविरुद्धच्या १३ शतकांचे कौतुक सगळेच करतात, पण ती कोणत्या गोलंदाजांसमोर झाली, हे कोणी सांगत नाही. १९७१ च्या विंडीज संघात नंतरचा तो वेगवान गोलंदाजांचा तोफखाना नव्हता. १९७८-७९ मध्ये त्यांचे मुख्य खेळाडू केरी पॅकरच्या सर्कशीत, म्हणजे त्याच्या खासगी क्रिकेट मालिकेत, गेले होते आणि आपल्याकडे आला तो उरलासुरला संघ. या दोन मालिकांतच १३ पैकी ८ शतके आहेत.

आणि लॉर्ड्सचे म्हणाल, तर त्याच दिवशी, त्याच खेळपट्टीवर विश्वनाथ ५९ चेंडूंत ३७ धावा करून गेले. म्हणजे चेंडू बॅटवर येत होता. प्रेक्षक मैदानात शिरून हातापाया पडत होते आणि हा गृहस्थ चेंडू पायाशी मारून ठेवत होता. व्यवस्थापक रामचंद उघडपणे नाराज झाले, ते काय उगाच? जिंकणे अशक्य होते हे मान्य, पण निदान धावगती तरी सांभाळायची होती. संघाचे काहीही होवो, मी बाद होणार नाही, या वृत्तीला मराठीत दुसरा शब्द असेल तर आपणच सांगा.

नागपूरकर

मी ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर होतो, म्हणून दोन शब्द लिहितो. न्यूझीलंडला आपण ९ बाद २२१ वर रोखले होते आणि चेतन शर्माने त्रिफळ्यांवर त्रिफळे उडवून विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक घेतली होती. नुसते जिंकून भागत नव्हते. गटात पहिले यायचे तर धावा झटपट हव्या होत्या, नाहीतर उपांत्य सामन्यासाठी लाहोरला जावे लागले असते. गावसकरांच्या अंगात ताप होता. सावली नसलेल्या बाजूला आम्ही डोक्यावर ओले रुमाल टाकून बसलो होतो, आणि समोर चॅटफिल्डच्या एकाच षटकात सलग चार चेंडूंवर दोन षटकार आणि दोन चौकार गेले, तेव्हा माझ्या शेजारचे पोक्त गृहस्थ खुर्चीवर उभे राहिले आणि मग उरलेला सामना त्यांनी तसाच पाहिला. ८८ चेंडूंत नाबाद १०३. त्यांच्या कारकिर्दीतले एकदिवसीय सामन्यांतले हे एकमेव शतक, आणि सामना ३३ व्या षटकात संपला. ज्याला संघाशी देणेघेणे नाही, तो ३८ व्या वर्षी तापात असे खेळेल का?

सरळ बॅट

नागपूरकरांचे आभार, कारण माझाच मुद्दा त्यांनी पक्का केला. ज्या माणसाला असे मारता येत होते, त्याने १९७५ साली मारले नाही, याचा अर्थ त्याला ते मारायचे नव्हते. येत नसते तर मी एक शब्द बोललो नसतो.

दादरवाला

मधे बारा वर्षे गेली, हे आपण सोयीस्करपणे विसरता. लॉर्ड्सच्या त्या दिवसापर्यंत आपल्या संघाने दोनच एकदिवसीय सामने खेळले होते. ३३४ चा पाठलाग कसा करतात, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. चारच दिवसांनी लीड्सला पूर्व आफ्रिकेविरुद्ध गावसकर नाबाद ६५ आणि इंजिनिअर नाबाद ५४, असा सामना आपण दहा गडी राखून जिंकला. एका डावात माणूस गोंधळतो, बाहेर पडण्याची वाट त्याला सापडत नाही. त्याला स्वार्थ म्हणत नाहीत.

आणि १३ शतकांची वजाबाकी करताना १९७६ चे वेस्ट इंडिजमधले पोर्ट ऑफ स्पेन विसरू नका. ४०३ चे लक्ष्य, समोर होल्डिंगसारखा वेगवान गोलंदाज, गावसकर १०२, आणि आपण ४ बाद ४०६ करून जिंकलो. १९८३ ला दिल्लीत मार्शल आणि होल्डिंगसमोर ९४ चेंडूंत शतक झाले, तो उरलासुरला संघ नव्हता.

तिसरी स्लिप

मला या ‘संथ म्हणजे स्वार्थी’ समीकरणाचाच तिटकारा आहे, आणि त्याला कारण आहे. ठाण्यात एका कार्यालयीन संघातून मी सात वर्षे सलामीला खेळलो. एका सामन्यात पाच गडी पडल्यावर कर्णधाराने निरोप पाठवला, की काहीही कर पण शेवटपर्यंत उभा राहा. मी तीन तास उभा राहिलो, २२ धावा केल्या, सामना वाचला. पुढच्या रविवारी मला वगळले, आणि कारण सांगितले ते असे, की मी स्वतःसाठी खेळतो. जो गडी पहिल्याच षटकात पुढे धावत जाऊन यष्टिचीत झाला होता, त्याला मात्र ‘संघासाठी प्रयत्न केला’ म्हणून शाबासकी मिळाली. तेव्हापासून कोणी कुणाला स्वार्थी फलंदाज म्हणाला, की मी आधी विचारतो, दुसऱ्या टोकाला कोण होते आणि पाठोपाठ कोण येणार होते.

पंचगंगेकाठचा

ही सगळी चर्चा मुंबईकरांनी मुंबईकरांबद्दल चालवलेली आहे, याचे मला वाईट वाटते. स्वतःच्या विक्रमासाठी खेळण्याची संधी तरी मुंबईबाहेरच्यांना कोणी दिली? आमच्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम मोडायला दहाच धावा हव्या होत्या. मध्यंतरात प्रतिस्पर्ध्यांनी डाव घोषित करा म्हणून हट्ट धरला आणि शेवटी सामनाच सोडून देऊन ते घरी निघून गेले. आज ७५ वर्षे उलटून गेली, तरी प्रथम श्रेणीत चारशेचा टप्पा ओलांडणारा दुसरा भारतीय झालेला नाही. या माणसाला एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. तुमच्या ३६ धावांची चर्चा पन्नास वर्षे चालते, आणि आमच्या ४४३ धावा शाळेतल्या पोरांना सांगाव्या लागतात.

पार्काच्या कट्ट्यावरून

निंबाळकरांवर अन्याय झाला, यात वाद नाही. पण प्रत्येक धाग्यात ‘मुंबईची लॉबी’ आणायची ही सवय आता पुरे झाली. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला, तो निवड समितीत बसून नव्हे, मैदानावर. पुण्याचे चंदू बोर्डे ५५ कसोटी खेळले, ते कोणत्या लॉबीने?

पंचगंगेकाठचा

एक बोर्डे दाखवायचे आणि बाकीच्यांना विसरायचे, हा जुना डाव आहे. महाराष्ट्राचा संघ पश्चिम विभागात, म्हणजे दरवर्षी मुंबईशी गाठ. त्या गटातून वर निघणेच मुश्कील, मग निवड समितीच्या डोळ्यांत भरणार कसे? हेमंत कानिटकरांनी १९७४ साली बंगळुरूला विंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटी डावात ६५ धावा केल्या आणि त्यांची कारकीर्द दोन कसोटींत संपली. मुंबईच्या किती फलंदाजांना ६५ धावांनंतर एवढ्या लवकर घरी पाठवले, ते सांगा.

नागपूरकर

कोल्हापूरच्या मित्रांना माझा पाठिंबा आहे. विदर्भाचा पहिला कसोटीपटू, उमेश यादव, पाहायला आम्हाला २०११ साल उजाडावे लागले. त्यानंतर २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये आम्ही रणजी करंडक आणला. गुणवत्ता काही २०११ मध्ये एकाएकी उगवली नाही.

पार्काच्या कट्ट्यावरून

मग पद्माकर शिवलकरांचे काय? मुंबईचे, आमच्या शिवाजी पार्कातले डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि एकही कसोटी नाही, कारण त्याच शैलीचे बिशनसिंग बेदी संघात होते. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांनी ७५० बळी घेतले, त्यांचीही तीच कथा. मुंबईत जन्म घेतला की कसोटीची टोपी हातात पडते, असे असते तर शिवलकर आयुष्यभर बाहेर बसले नसते. मी त्यांना नेटमध्ये चेंडू टाकताना पाहिले आहे. खेळपट्टीवर ठेवलेल्या रुमालावर चेंडू पडायचा आणि आम्ही पोरे तो रुमाल उचलायला धावायचो. म्हणून सांगतो, तुमच्या जखमेवर आमचा हक्क नाही, पण आमचीही एक जखम आहे.

पंचगंगेकाठचा

शिवलकरांचे नाव घेतलेत म्हणून मी आवाज खाली आणतो. त्यांच्याबाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. निंबाळकरांबाबतीत तुमच्याकडेही नाही, एवढे मात्र लक्षात ठेवा.

सरळ बॅट

लॉबीचा विषय आपण सगळ्यांनी एवढा ताणला, की मूळ प्रश्न बाजूला पडला. मी तो परत आणतो. लॉर्ड्स क्षणभर सोडा. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. गावसकर ७० वर ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या चेंडूवर पायचीत दिले गेले. चेंडू बॅटला लागला होता असे त्यांचे म्हणणे, असेलही. पण रागाच्या भरात कर्णधाराने ८५ च्या घरात खेळणाऱ्या चेतन चौहानलाही बरोबर घेऊन मैदान सोडायला निघणे, याला काय म्हणायचे? व्यवस्थापक दुराणी यांनी सीमारेषेवर चौहानला परत वळवले नसते, तर सामना हातचा गेला असता. त्याच सामन्यात कपिल देव दुखऱ्या मांडीला इंजेक्शन घेऊन उतरले, २८ धावांत ५ बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ मध्ये गारद झाला आणि मालिका बरोबरीत सुटली. एकाच सामन्यात दोन माणसे. एक स्वतःच्या अपमानासाठी सामना सोडायला निघाला होता आणि दुसरा लंगडत तो जिंकून देत होता. यावर दादरवाल्यांचे म्हणणे ऐकायला मी थांबलो आहे.

दादरवाला

मेलबर्नच्या बाबतीत मी हात टेकतो. त्या वागण्याची त्यांना नंतर खंत वाटली, पण खंत वाटली म्हणून घडलेले पुसले जात नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःला संघाच्या पुढे ठेवले, हे मला मान्य करावे लागते, आणि करताना त्रास होतो, कारण आमच्या घरात देवांच्या फोटोंशेजारी त्यांचा फोटो होता.

सरळ बॅट

आपण एवढे कबूल केलेत, तर मीही एक पाऊल मागे येतो. ‘नको तेवढे डोक्यावर घेतले’ हे शब्द मी परत घेतो. पोर्ट ऑफ स्पेन आणि दिल्ली मी मोजली नव्हती, ती मोजायला हवी होती. ‘स्वार्थी’ हा शब्द मात्र लॉर्ड्स आणि मेलबर्न या दोन ठिकाणांपुरता मी ठेवतो, आणि तो कोणीही माझ्याकडून काढून घेऊ शकणार नाही.

दादरवाला

ठेवा. मी मात्र शेवटची एक गोष्ट सांगतो. मार्च १९८७, बंगळुरू, त्यांची शेवटची कसोटी, पाकिस्तानविरुद्ध २२१ धावांचे लक्ष्य. खेळपट्टी अशी, की इक्बाल कासिम आणि तौसिफ यांचे चेंडू हातभर वळत होते आणि काही तर गुडघ्याखालून छातीपर्यंत उसळत होते. आमच्या दोन खोल्यांच्या घरात वीस माणसे दूरदर्शनसमोर बसली होती. एकामागून एक जण परत जात होता आणि गावसकर प्रत्येक चेंडू शेवटच्या क्षणापर्यंत पाहून मऊ हातांनी पायाशी मारून ठेवत होते, अगदी लॉर्ड्सवर ठेवला होता तसाच. ९६ वर ते बाद झाले, तेव्हा खोलीतली आम्ही पोरे ‘शतक गेले, शतक गेले’ म्हणून ओरडलो. वडिलांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. धावफलकावर ८ बाद १८० होते. ते एवढेच म्हणाले, “आता ४१ कोण काढणार?” आपण १६ धावांनी हरलो.