दोन मुलगे, वय साडेपाच आणि अडीच: संध्याकाळी सहा ते नऊ कशी बसवायची?

सांजवेळ

थोरला साडेपाच वर्षांचा, धाकटा अडीच. दिवसभर बरं चालतं, सहा वाजले की विस्कटतं. अडतंय ते असं:

खेळताना थोरला ठोकळ्यांचं काहीतरी बांधतो, धाकटा येऊन पाडतो, थोरला त्याला ढकलतो. ‘मिळून खेळा’ म्हणून काहीही होत नाही.

आंघोळ आणि दात घासताना एकाला धरावं तर दुसरा पळतो. त्या वेळी घरात बहुतेकदा एकच मोठं माणूस असतं.

झोप तर दहाच्या पुढे जाते. दोघं एकाच खोलीत झोपतात. धाकटा दुपारी अडीच ते पाच झोपतो, मग रात्री त्याला झोपच नसते आणि तो थोरल्यालाही जागं ठेवतो. थोरल्याला सकाळी साडेसहाला शाळेसाठी उठावं लागतं.

जागा वाचावी म्हणून दुमजली पलंग घ्यायचाही विचार आहे. कृपया नेमकं काय, कोणत्या क्रमाने करायचं ते सांगा. ‘प्रेमाने समजावा’ हे करून झालंय.

---

पारिजातक

सुरुवात झोपेपासून करा. बाकीच्या दोन्ही गोष्टींचं मूळ तिथे आहे, कारण झोप न झालेला साडेपाच वर्षांचा मुलगा सहा वाजता स्वतःला आवरूच शकत नाही.

हिशोब उलटा मांडा. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला २४ तासांत १० ते १३ तास झोप लागते, १ ते २ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४. तुमचा धाकटा या दोन्हींच्या मधे येतो. थोरल्याला साडेसहाला उठायचं तर सव्वाआठला तो झोपलेला हवा. अंथरुणात शिरलेला नव्हे, झोपलेला. त्यासाठी दिवा आठच्या आत मालवायला हवा. सध्या त्याची झोप जेमतेम साडेआठ तास होते, म्हणजे रोज दीड तासाची तूट.

आता धाकटा. या वयात दुपारी उठल्यापासून पुन्हा झोप येईपर्यंत साधारण पाच तास जातात. पाचला उठणारं मूल दहाच्या आत झोपणार नाही, त्यात हट्टाचा भाग काही नाही. त्याची दुपारची झोप बंद करू नका, तीन वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांना ती लागते, आणि एकदम बंद केली की सहाची रडारड दुप्पट होते. झोप अलीकडे ओढा. दर तीन दिवसांनी १५ मिनिटं, झोपायची आणि उठायची दोन्ही वेळा. दुपारचं जेवणही तेवढंच आधी. पाचवरून तीनवर यायला आठ टप्पे लागतात, म्हणजे साडेतीन आठवडे. उठवताना हाका मारू नका. आधी पडदा उघडा, पाच मिनिटं घरातले नेहमीचे आवाज होऊ द्या, मग पाठीवर हात. गाढ झोपेतून ओढून काढलेलं मूल अर्धा तास किरकिरतं आणि मग माणसं हा प्रयोगच सोडून देतात.

वेळ बसली की धाकट्याला साडेसातला आत न्या, थोरल्याला वीस-पंचवीस मिनिटांनी. दोघांना एकदम झोपवायला गेलं की एक हसतो, दुसरा उठतो.

---

लगोरी

ठोकळ्यांबद्दल.

अडीच वर्षांच्या मुलासाठी पाडणं हाच खेळ असतो. उंच वस्तू, धक्का, आवाज. त्याला दादाचं नुकसान करायचं नसतं, दादाचं काही असतं हेच त्याला अजून पुरतं उमगलेलं नसतं. पाळी येईपर्यंत थांबणं ही गोष्ट या वयात नुकती अंकुरत असते. त्यामुळे शिकवणीपेक्षा जागा बदलणं लवकर कामाला येतं.

लहान मुलाला अडवायचं जाळीचं कुंपण किंवा दाराचं छोटं फाटक असेल तर त्याचा वापर उलटा करा. आत थोरला, बाहेर धाकटा. बांधकाम आत सुरक्षित, आणि धाकट्याला अख्खी खोली मोकळी. फाटक नसेल तर थोरल्याला उभ्याने खेळता येईल अशा टेबलावर जागा द्या आणि खुर्ची तिथून काढा. खुर्ची ठेवलीत तर धाकटा दोन मिनिटांत वर चढतो.

ठोकळ्यांखाली जुनी चादर अंथरा. खेळ संपला की चारही कोपरे एकत्र धरून उचला, सगळे तुकडे मधे गोळा होतात, तसेच डब्यात ओता. चादरीबाहेर गेलेले दोन-चार तेवढे शोधायचे. हे फक्त आवरण्यासाठी नाही. थोरल्याचे बारीक तुकडे धाकट्याच्या घशात अडकू शकतात. तपासणीचं सोपं माप: टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आत जाते ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती लागता कामा नये. बटणासारखे चपटे सेल आणि छोटे शक्तिशाली चुंबक घरात असतील तर ते कुलपात. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो, आणि दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या भिंतीला मधे धरून एकमेकांना चिकटतात. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालयात न्या, उलटी करायला लावू नका.

धाकट्याला त्याचा स्वतःचा मनोरा द्या. आठ-दहा मोठे हलके खोके, थोरल्याच्या बांधकामापासून निदान दोन मीटर लांब. थोरला रचतो, ‘एक, दोन, तीन, धडाम’ म्हणतो, मग धाकटा पाडतो. ‘तीन’पर्यंत थांबणं हाच त्याचा पाळीचा पहिला धडा.

तरीही जुंपली तर:

- आधी दोघांच्या मधे जाऊन गुडघ्यावर बसा. लांबून ओरडलेलं धाकट्याला कळत नाही आणि थोरल्याला फक्त राग कळतो.
- वस्तू तुमच्या हातात घ्या. कोणी सुरू केलं हे विचारू नका. त्या प्रश्नाने दोघांना वकील बनवता.
- दिसतंय तेच बोला: “ट्रक दोघांना हवाय. ढकलू देणार नाही.” एवढंच.
- वाळूचं घड्याळ किंवा टायमर. धाकट्याची पाळी दोन मिनिटं, थोरल्याची चार-पाच.

टायमर फसतो तो दोन कारणांनी. रडारड सुरू झाल्यावर तो पहिल्यांदा काढला तर ती शिक्षा वाटते, म्हणून आधी तीन-चार दिवस शांत वेळी, भांडण नसताना वापरून दाखवा. आणि वेळ संपल्यावर “बरं, अजून थोडा वेळ” म्हटलंत की टायमरला काही किंमत उरत नाही.

प्रत्येकाच्या तीन-चार वस्तू अशा ठरवा की त्या कुणालाच द्याव्या लागत नाहीत. वेगळा खोका, त्यावर ज्याचं त्याचं चित्र. बाकी सगळं सामाईक. थोरल्याला ‘तू मोठा आहेस ना, दे त्याला’ हे वाक्य घरातून पूर्ण बंद करा. त्याच्याकडून रोज दहा वेळा काही ना काही काढून घेतलं जातं, आणि तो त्याचा हिशोब ढकलण्यातून चुकता करतो. मला यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

---

खडूफळा

आंघोळीचा क्रम, एकच मोठं माणूस आहे असं धरून.

मुलं आत जाण्याआधी: दोन टॉवेल, दोघांचे कपडे घालायच्या क्रमाने, ब्रश, पेस्ट, सगळं हाताच्या अंतरावर. आत गेल्यावर बाहेर यायचं कारणच उरता कामा नये. बादलीत किंवा टबात आधी गार पाणी, मग गरम. पाणी ३७-३८ अंशांच्या आसपास हवं, कोपर बुडवून पाहा, कढत लागलं तर जास्त आहे. गिझरचं तापमान ५० अंशांच्या खाली ठेवा. ६० अंशांच्या पाण्याने लहान मुलाची त्वचा काही सेकंदांत खोलवर भाजते, आणि नळ फिरवायला अडीच वर्षांचा हात पुरतो.

दोघं एकदम आत, दार लावलेलं. धाकट्याला आधी धुवा, मग हातात मग्गा देऊन कोपऱ्यात बसवा. तोवर थोरला स्वतः साबण लावतो, तुम्ही फक्त डोकं आणि पाठ. बाहेरही दोघं एकदम. “तू जरा भावाकडे बघ, मी टॉवेल आणतो” हे कधीच नाही. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडतं आणि तेव्हा आवाज होत नाही. साडेपाच वर्षांचा मुलगा राखणदार नसतो. निघताना बादली रिकामी.

मुलगे आहेत म्हणून आणखी एक. शिश्नाची पुढची त्वचा मागे ओढून साफ करायची नसते. या वयात ती चिकटलेली असणं स्वाभाविक आहे, हळूहळू आपोआप सुटते. ओढली तर चिरते, वण धरतो आणि त्रास वाढतो. बाहेरून पाण्याने धुणं पुरे. सूज आली किंवा लघवी अडकली तर डॉक्टर.

दात: तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसा, मुलाचं डोकं मांडीवर, तोंड छताकडे. वरून सगळे दात दिसतात आणि मान हलत नाही. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वाटाण्याएवढी, फ्लोराइड असलेली. थुंकायला सांगा, पण चुळा भरायला लावू नका. थोरल्याने स्वतः घासले तरी शेवटचा हात तुमचा, सात-आठ वर्षांपर्यंत. आधी थोरला, धाकट्याच्या देखत. मग धाकटा बहुधा आपणहून मांडीवर येतो.

---

वाळूघड्याळ

दुमजली पलंग थांबवा. वरच्या मजल्यावर सहा वर्षांच्या आतलं मूल झोपवायचं नसतं, आणि थोरला वर गेला की धाकटा शिडी चढणारच. पुढे घ्याल तेव्हा: वर दोन्ही बाजूंना कठडा, तो गादीच्या वर निदान १३ सेंटिमीटर. पुष्कळदा कठडा ठीक असतो, पण नंतर जाड गादी आणली जाते आणि तो बुडतो. फटी ९ सेंटिमीटरपेक्षा कमी हव्यात, म्हणजे त्यातून अंग सरकून मान अडकत नाही. कठड्याला दोरी किंवा पट्टा लटकवू नका. छताला पंखा असेल तर वरून हात पोचतो का तेही पाहा.

सध्या जमिनीवर दोन वेगळ्या गाद्या, मधे मीटरभर जागा. खोलीतलं कपाट आणि खणांचं टेबल भिंतीला पट्टीने पक्कं करा, ओढलेले खण मुलांना पायऱ्या वाटतात.

थोरला अधूनमधून अंथरूण ओलं करत असेल तर त्यात वावगं काही नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा जणांचं होतं, मुलग्यांत जास्त. गादीवर जलरोधक कापड, चादर, त्यावर पुन्हा जलरोधक कापड आणि चादर, असे दुहेरी थर घाला. रात्री दोनला वरचे दोन थर ओढून काढायचे, खाली कोरडं तयार. दिवा लावावा लागत नाही, दुसरा उठत नाही.

पारिजातक, एका मुद्द्यावर असहमत. धाकट्याला आधी झोपवणं त्याची दुपारची झोप सरकल्यावरच. या साडेतीन आठवड्यांत तो साडेसातला आत जाऊन दोन तास लोळेल आणि अंथरूण म्हणजे खेळायची जागा हे शिकेल. तोवर थोरला आधी आत, धाकटा बाहेर मंद उजेडात चित्रांचं पुस्तक घेऊन.

---

पारिजातक

मान्य, तो टप्पा माझ्याकडून सुटला. वाळूघड्याळ म्हणतात तसंच करा.

---

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. फाटकाची उलटी युक्ती आणि चादर आजच. दोन शंका. पुढे धाकटा आधी झोपायला लागला की ती वीस मिनिटं थोरला बाहेर एकटा काय करेल? मोबाइल द्यायचा नाहीये. आणि दिवा मालवल्यावर तो पाणी, शू, गोष्ट असं करत पाच वेळा बाहेर येतो, त्याचं काय?

---

लगोरी

त्या वीस मिनिटांसाठी रोज तीच कामं, त्याच क्रमाने: उद्याचे कपडे खुर्चीवर काढून ठेवणं, दप्तर भरणं, मग एक चित्र. तीन कामांची चित्रं काढून दाराजवळ चिकटवा, झालं की तो खूण करेल. दार किलकिलं ठेवा, तुम्ही त्याला दिसले पाहिजे. धाकटा झोपला की लगेच बाहेर येऊन दहा मिनिटं फक्त त्याच्याजवळ बसा, हातात काम नको. ती दहा मिनिटं मिळणार हे पक्कं कळलं की तो वीस मिनिटं थांबतो. एखाद्या दिवशी ती चुकली तर दुसऱ्या दिवशी तो दारावर थापा मारेल, आणि धाकटा उठेल.

बाहेर येण्यासाठी पुठ्ठ्याची एक चिठ्ठी. ती उशाखाली. ती देऊन रात्री एकदा बाहेर येता येतं, कारण काहीही असो, दोन मिनिटांत काम उरकून परत. चिठ्ठी तुमच्याकडे आली की त्यानंतर न बोलता हात धरून अंथरुणावर न्यायचं, प्रत्येक वेळी तसंच. वापरली नाही तर सकाळी त्या चिठ्ठीवर पाच मिनिटं जादा खेळ. शू मात्र चिठ्ठीत मोजू नका, ती दिवा मालवण्याआधी एकदा आणि नंतर लागली तर कधीही.

---

वाळूघड्याळ

आणि सगळं एकाच आठवड्यात नको. पहिल्या दिवसापासून फाटक आणि दुपारच्या झोपेचे १५ मिनिटांचे टप्पे. चौथ्या दिवसापासून टायमर, आधी भांडण नसताना. चिठ्ठी तिसऱ्या आठवड्यात. मधे एखाद्याला ताप आला तर झोपेचा टप्पा आहे तिथेच थांबवा, बरं वाटल्यावर दोन दिवसांनी तिथून पुढे.