लहान रिव्हॉल्व्हरमध्ये गेल्या काही दशकांत खरोखर काय बदलले? (.३२ बोअर परवानाधारकाचा प्रश्न)

तुर्भेकर

नमस्कार. तुर्भ्याच्या बाजार समितीत आमचा मसाल्याचा गाळा आहे आणि माझ्याकडे २०११ पासून .३२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप) रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. शस्त्र कानपूरच्या कारखान्याचे, वरून मोडून उघडणारे, काडतुसांच्या सहा घरांचे आहे. इतकी वर्षे ते उजव्या कमरेला, शर्टाच्या आत बाळगतो आहे. चालवण्याची वेळ एकदाही आली नाही, आणि येऊही नये.

तक्रारी तीन आहेत. हॅमरचे (काडतुसावर टोला देणाऱ्या घोड्याचे) मागे आलेले टोक शर्टात अडकते, त्यामुळे दोन शर्ट फाटले. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घाम आणि खाडीवरचा दमट वारा मिळून शस्त्राच्या डाव्या अंगाला, म्हणजे जी बाजू शरीराला टेकते तिथे, गंजाचे ठिपके आणतात. तिसरी तक्रार माझ्या वयाची म्हणावी लागेल: चौपन्नाव्या वर्षी चाप पूर्वीपेक्षा जड वाटू लागला आहे.

घणसोलीला राहणारा माझा पुतण्या अमेरिकेतल्या नव्या छोट्या रिव्हॉल्व्हरची चित्रे दाखवतो आणि "काका, तुमचे शस्त्र आता वस्तुसंग्रहालयात द्या" असे म्हणतो. जाहिरातींवर माझा फारसा विश्वास नाही. यंत्र म्हणून या शस्त्रात नवे असे काय झाले आहे, त्यातले आपल्याकडच्या परवानाधारकाला काय मिळू शकते, आणि आहे ते बदलण्यात अर्थ आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

पाचपाखाडी_यंत्रशाळा

प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तर थोडे लांबवतो. (आमचा वागळे इस्टेटीत सुटे भाग कातण्याचा छोटा कारखाना आहे, शस्त्रांशी माझा संबंध रेंजवरच्या नेमबाजीपुरता आहे.)

मूळ यंत्रणा फार जुनी आहे. आपल्या बहुतेक परवानाधारकांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये आणले, आणि ज्या लहान रिव्हॉल्व्हरसाठी ते आणले ते त्या कंपनीचे बाजूला झुकणाऱ्या चक्रीचे (काडतुसांची घरे असलेल्या फिरत्या दंडगोलाचे) पहिले शस्त्र होते. पुढे कोल्टने १९२७ मध्ये दोन इंची नळीचे, सहा घरांचे 'डिटेक्टिव्ह स्पेशल' काढले, आणि १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने त्याहून लहान, पण पाचच घरांचे 'चीफ्स स्पेशल' काढले. आजही खिशातले रिव्हॉल्व्हर म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो याच शस्त्राचा साचा.

एक घर का कमी केले, यातच या शस्त्राची सगळी अडचण दडलेली आहे. रिव्हॉल्व्हरची जाडी ठरते ती चक्रीच्या व्यासावरून, आणि चक्रीचा व्यास ठरतो घरांची संख्या, काडतुसाची जाडी आणि घरांच्या भिंतींची जाडी यांवरून. त्यातली भिंत तर कमी करता येत नाही, कारण सगळा दाब तीच सोसते. त्यात आणखी एक गंमत आहे. चक्रीला जागच्या जागी धरणारी खुंटी खालच्या बाजूने एका खाचेत बसते. घरे सहा असली की एक घर वर नळीसमोर असताना त्याच्या बरोबर खाली दुसरे घर येते, म्हणजे ती खाच भिंत जिथे सर्वांत पातळ आहे नेमकी तिथे पाडावी लागते. घरे पाच असली की खाली दोन घरांमधला भरीव भाग येतो, आणि खाच तिथे निर्धोक पाडता येते. सम आणि विषम संख्येचा एवढा साधा उपयोग मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलेला नाही.

आता आपल्या बोअरकडे या. .३८ स्पेशलच्या पुंगळीचा व्यास सुमारे ९.६ मिलिमीटर आहे आणि .३२ लाँगचा सुमारे ८.६. या एका मिलिमीटरमुळे ज्या आकारात .३८ ची पाच काडतुसे बसतात त्याच आकारात .३२ ची सहा बसतात. आपल्याकडे .३८ हे प्रतिबंधित (सर्वसाधारण परवान्यावर न मिळणारे) बोअर असल्यामुळे आपण .३२ वर नाइलाजाने राहिलो. अमेरिकेत मात्र निवडीला पूर्ण वाव असूनही २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसनने '४३२' हे सहा घरांचे नवे छोटे रिव्हॉल्व्हर .३२ एच अँड आर मॅग्नम या काडतुसासाठी काढले. ते काडतूस १९८४ चे, म्हणजे आपल्या .३२ लाँगचीच लांब केलेली आवृत्ती आहे. पुतण्याला हे जरूर सांगा.

खरोखर नवे काय, याचे माझे उत्तर चापापासून सुरू होते. रुगर या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये 'एलसीआर' काढले. त्यात चाप आणि हॅमर यांच्यामधल्या भागाला असा घाट दिला आहे की चाप ओढताना मध्येच जोर साचत नाही. एकूण जोर फार कमी होत नाही, पण तो एकसारखा लागतो, आणि बोटाला तेच हलके वाटते. त्याच शस्त्रात चापाची सगळी यंत्रणा पॉलिमरच्या खालच्या सांगाड्यात बसवली असून वरचा भाग अॅल्युमिनियमचा आहे, त्यामुळे वजन अवघे ३८३ ग्रॅमच्या आसपास आले. दुसरी खरी नवी गोष्ट इटलीच्या क्याप्पा कंपनीच्या 'राइनो'मध्ये आहे. तिथे नळी वरच्या घरासमोर न ठेवता सर्वांत खालच्या घरासमोर ठेवली आहे, म्हणून धक्का मनगटाला वर न फेकता सरळ तळहातात येतो; शिवाय चक्री गोल न ठेवता बाजूंनी सपाट केल्यामुळे जाडीही थोडी कमी होते. दिसायला ते शस्त्र मला तरी कुरूप वाटते, पण त्यामागचा विचार अस्सल आहे. किम्बरने २०१६ मध्ये सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाच्या चक्रीत .३५७ मॅग्नम या जास्त ताकदीच्या काडतुसाची सहा घरे बसवली. तिला नवी कल्पना म्हणण्यापेक्षा कातकामाची कमाल म्हणावे.

हॅमर झाकण्यात नवे काही नाही. पूर्ण झाकलेला हॅमर १८८७ मध्येच आला होता आणि १९५२ मध्ये तो पुन्हा आणला गेला.

वर्तकनगरचा_नेमबाज

वरील विवेचन उत्तम आहे, पण हलकेपणाचे कौतुक करण्याआधी हिशेब मांडावा. .३२ लाँगची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे सुमारे ६.३५ ग्रॅमची असते आणि छोट्या नळीतून ती सेकंदाला साधारण २१५ मीटर वेगाने निघते. दारूचे वजन सोडून दिले तरी ७०० ग्रॅमच्या शस्त्राला मागे येताना सुमारे १.३ ज्यूल ऊर्जा मिळते, आणि तेच शस्त्र ५०० ग्रॅमचे असेल तर सुमारे १.९ ज्यूल. वजनात दोनशे ग्रॅम वाचवले आणि धक्का चाळीस टक्क्यांनी वाढवून घेतला, असा हा व्यवहार आहे. .३२ मध्ये तो सोसवतो; .३८ चे काडतूस ३८३ ग्रॅमच्या शस्त्रातून मारले तर तो १.३ ज्यूलचा आकडा ढोबळमानाने पाचपट होतो, आणि असे शस्त्र विकत घेणारे बरेच लोक सरावाला जाणे सोडून देतात.

आपल्याकडे २०१४ मध्ये कानपूरहून 'निर्भीक' आले ते टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅमचे. स्त्रियांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला, दागिन्यांच्या पेटीसारखी पेटी दिली, किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात ठेवली. पेटीपेक्षा चापावर खर्च केला असता तर बरे झाले असते, असे माझे मत आहे. तुर्भेकर, आपली खरी गरज सडपातळ शस्त्राची असेल, तर .३२ चे चपटे पिस्तूल का पाहत नाही?

तुर्भेकर

पिस्तुलाचा विचार केला होता. पण मागचा सरकपट्टा ओढायला लागणारे बळ आणि सुरक्षा खटक्याकडे ठेवावे लागणारे लक्ष, या दोन्ही गोष्टी वर्षातून दोन-तीनदाच रेंजवर जाणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला नकोशा वाटतात. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचे घर समोर येते, हे मला पुरेसे आहे. पाचपाखाडीकरांना एक विचारतो: परदेशातले हे सगळे आपल्याला मिळणार कुठून?

पाचपाखाडी_यंत्रशाळा

बहुतांशी मिळणार नाही. परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकासाठी बंद आहे. जुनी, आधीच आलेली शस्त्रे हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती ऐकून माणूस पाणी मागतो. म्हणून आपल्यापुरते पाहायचे ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीने आणलेले 'प्रबल'. बोअर .३२, नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर, वजन काडतुसांशिवाय ६७५ ग्रॅम, आणि चक्री बाजूला झुकणारी. पन्नास मीटर पल्ल्याची जाहिरात झाली, पण कमरेला बाळगण्याच्या शस्त्रात तिला मी महत्त्व देत नाही. महत्त्व आहे ते सांगाड्याला. वरून मोडणाऱ्या शस्त्राला एक बिजागरी आणि एक कडी जोडून धरते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने तिथे ढिलाई येऊ शकते. बाजूला झुकणाऱ्या चक्रीच्या शस्त्रात वरची पट्टी अखंड असते.

नळी दोन इंचांची नाही हेही चांगलेच आहे. तेवढ्या आखूड नळीखाली पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडाही आखूड ठेवावा लागतो, आणि मग रिकाम्या पुंगळ्या अर्ध्यावर अडकून बसतात.

निवृत्त_आर्मरर

मंडळींनो, मी शस्त्रागारात तीस वर्षे काढली आहेत आणि आता कळव्याला राहतो. तुर्भेकर साहेबांच्या तीनही तक्रारी शस्त्र न बदलता बऱ्याच कमी होतील, असे मला वाटते.

हॅमरचे टोक कुणाकडूनही घासून घेऊ नका. हॅमरचे वजन बदलले की टोला बदलतो आणि काडतूस दगा देते. शिवाय दुरुस्तीचे काम परवाना असलेल्या कारागिरानेच करायचे असते. चामड्याचे काम करणाऱ्याकडून होल्स्टरच्या आतल्या बाजूला हॅमरच्या वरपर्यंत येणारी जीभ शिवून घ्या. शर्ट आणि हॅमर यांच्यामध्ये चामडे आले की शर्ट अडकायचा प्रश्न उरत नाही.

गंजाचे मूळ बहुतेक वेळा होल्स्टरमध्ये असते. चामडे घाम पिते, आणि कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात. रात्री शस्त्र त्यातच ठेवून कपाटात बंद करणे म्हणजे लोणच्याच्या बरणीत ठेवण्यासारखे आहे. घरी आल्यावर शस्त्र रिकामे करून, कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि होल्स्टरबाहेर, कुलपात ठेवा. तेल जास्त झाले तर घरांमधून काडतुसाच्या मागच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत उतरते आणि काडतूस निकामी करते, हेही लक्षात असू द्या. पावसाळा संपला की बाळगलेली काडतुसे रेंजवर संपवून नवी भरावीत. स्टेनलेस स्टीलचे रिव्हॉल्व्हर १९६५ मध्ये आले. माझ्या मते कोकणपट्टीतल्या माणसासाठी या सगळ्या सुधारणांत तीच सर्वांत मोलाची, टायटॅनियमपेक्षाही. मात्र खारट घामाने स्टेनलेसवरही डाग पडतात, तेव्हा पुसण्यातून सुटका नाही.

चाप जड झाला तो वयामुळेच असेल असे नाही. आत वाळलेल्या तेलाचा चिकटा असला तरी चाप असाच लागतो. आधी उघडून साफ करून घ्या. स्प्रिंग कापून चाप हलका करून देतो म्हणणारा भेटला तर तिथून निघून या. त्याच वेळी कडीची ढिलाई, आणि हॅमर खाली असताना त्यावर आघात झाला तर तो काडतुसापर्यंत पोहोचू न देणारा अडसर शाबूत आहे का, या दोन गोष्टी तपासून घ्या.

बेलापूर_नोंदवही

लपवून बाळगण्याबद्दल एक खुलासा. परदेशात तो आवडीचा विषय असेल. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या प्रभावी नियंत्रणाखाली असले पाहिजे. म्हणजे शर्टाबाहेर मूठ दिसली तर तो नियमभंग आहे, आणि गर्दीच्या लोकलमध्ये खांद्यावरच्या पिशवीत शस्त्र ठेवले तर नियंत्रणाचा प्रश्न येतो.

जुने शस्त्र विकून नवे घेणार असाल, तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला, म्हणजे आपल्या बाबतीत नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाला, लेखी कळवून परवान्यावर नोंदी करून घ्याव्या लागतील. दोन्ही ठेवायची असतील तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमाल मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आली आहे, हे ध्यानात घ्यावे.

तुर्भेकर

सर्वांचा आभारी आहे. आर्मरर काकांनी सांगितल्याप्रमाणे होल्स्टर काल रात्रीपासून शस्त्रापासून वेगळे केले. आत हात घातला तर अस्तर खरोखरच ओले होते. साफसफाई परवानाधारक कारागिराकडून करून घेतो आणि त्यानंतरही बोटाला त्रास राहिला तरच 'प्रबल' पाहायला जातो. दुकानात नेमके काय पाहावे?

निवृत्त_आर्मरर

चक्री उघडून सगळी घरे रिकामी आहेत हे आधी स्वतः पाहा, आणि दुकानदाराची परवानगी व नकली (सरावाची, दारू नसलेली) काडतुसे मागून घ्या. मग हॅमर हाताने मागे न ओढता, नुसत्या चापाने सलग बारा वेळा ओढा, म्हणजे चक्रीचे दोन पूर्ण फेरे होतील. पहिल्या सहांत बोट ताजे असते, तेव्हा लक्ष द्यायचे ते पुढच्या सहांकडे. प्रत्येक घर खुंटीवर पक्के बसल्याचा आवाज एकसारखा आला पाहिजे, आणि बाराव्या वेळी समोरची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) हलता कामा नये. येताना जुने शस्त्रही त्याच दिवशी, त्याच बोटाने पारखून पाहा.