उसातल्या हुमणीसाठी मेटारायझियम (किडीला मारणारी बुरशी) आणि इमिडाक्लोप्रिड (रासायनिक कीटकनाशक) एकत्र सोडलं तर चालतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वाळवा तालुक्यात नदीकाठाला उसाच्या ८६०३२ जातीचा खोडवा (तोडणीनंतर परत फुटलेला ऊस) आहे, ठिबकवर. बांधाकडच्या सऱ्या पिवळ्या पडल्यात, ऊस नुसता हाताला धरून ओढला तरी उपटून येतोय, मुळ्या सगळ्या खाल्लेल्या. खाली उकरलं की बुडात इंग्रजी सी सारख्या वाकलेल्या, तांबड्या डोक्याच्या अळ्या सापडतात. हुमणीच आहे, त्यात शंका नाही, आणि आता अळी मोठी झालीय म्हणजे खाण्याचा जोर सगळ्यात जास्त.

शेणखतातून मेटारायझियम टाकलेलं आहे. काही अळ्या कडक होऊन मेलेल्या दिसल्या, अंगावर आधी पांढरी बुरशी आणि नंतर गर्द हिरवी, म्हणजे बुरशी जमिनीत जिवंत आहे हे नक्की. पण तिला वेळ लागतो, अळीच्या कातडीवर बीजाणू चिकटणार, रुजणार, आत शिरणार, मग अळी मरणार, आणि तोवर ऊस वाळतोय. म्हणून सोबत इमिडाक्लोप्रिड द्यायचा विचार आहे.

वाचलं त्यावरून इमिडा बुरशीला फारसं मारत नाही, उलट कमी डोसमध्ये मदतच होते, कारण किडा सुस्त पडतो, अंग साफ करत नाही, हालचाल मंदावते आणि बीजाणू अंगावरच राहतात. वाळवीवर आणि अमेरिकेत लिंबूवर्गीय झाडांच्या मुळं खाणाऱ्या भुंग्याच्या अळीवर हे दिसलेलं आहे. पण आपल्या उसातल्या मोठ्या हुमणीवर कोणी करून बघितलंय का? मला खरं तर एवढंच पाहिजे.

दुकानदार म्हणतो क्लोरोपायरीफॉस (दुसरं कीटकनाशक) घ्या आणि सगळं एकाच टाकीत सोडा. हे मला पटत नाही. क्लोरोपायरीफॉस बुरशीची वाढ दाबतं आणि ईसी (पाण्यात दुधाळ होणारं द्रव) औषधातलं सॉल्व्हंटसुद्धा बीजाणूंना सोसत नाही. प्रयोगशाळेत प्लेटवर जे दिसतं तेवढं जमिनीत होत नसेल, मातीत औषध पातळ होतं हे मान्य, पण टाकीत तर दोन्ही घट्ट एकत्रच असतात ना?

तर जाणकारांनी सांगा:

इमिडा आणि मेटारायझियम एकाच पाण्यात द्यायचं का आधी इमिडा आणि मग काही दिवसांनी बुरशी, आणि गॅप किती ठेवायचा?

पावडर टाल्कमधली आहे, ती ठिबकमधून सोडली तर ड्रीपर चोक होतात, मग लिक्विड घ्यावं का सरळ बुडात आळवणी करावी? लिक्विड घेताना बीजाणूंची संख्या आणि तारीख सोडून अजून काय बघता?

भावाची शेजारी नवीन लागण आहे, बेणं बाविस्टीनमध्ये बुडवून लावलंय. बाविस्टीन बुरशीनाशकच, मग त्या सरीत मेटारायझियम किती दिवसांनी टाकावं? आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशींना दाबणारी उपयोगी बुरशी) पण द्यायचाय, तो यासोबत चालतो का दोघं एकमेकांना खातात?

ज्या दादा-ताईंनी स्वतःच्या रानात दोन्ही वापरलंय त्यांनी जमीन कसली, ओल किती होती आणि अळी केवढी होती तेवढं नक्की लिहा, त्याशिवाय ताळमेळ लागत नाही. आमच्याकडे आता वाफसा आहे, पाऊस परत लागायच्या आत सोडायचंय, त्यामुळे जरा लवकर सांगितलंत तर फार उपकार होतील.