सीपीयू पाच सेकंदांत १०० अंशांवर: दोष उन्हाळ्याचा की कूलरचा?

टंकवीर:
इंटेलचा आय-५ १२४०० प्रोसेसर, बी६६० बोर्ड (सॉकेट १७००). प्रोसेसर ट्रेवाला (खोक्याशिवाय सुटा विकलेला) असल्यामुळे सोबत कूलर नव्हता, म्हणून जुन्या ११५१ सॉकेटचा पिनांचा कूलर बसवला आहे. नागपूर, खोलीत ३९ अंश. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ५८. व्हिडिओ एक्स्पोर्ट लावला की पाच सेकंदांत १०० आणि वेग ४ गिगाहर्ट्झवरून २.९ वर. सीपीयू आणि कूलरमधली उष्णतावाहक पेस्ट नवी आहे, पंखा पूर्ण वेगाने फिरतो. सगळे म्हणतात, मे महिना आहे, चालायचंच. लिक्विड कूलर घेऊ का?

उष्मांक:
मे महिन्याला उगाच बदनाम करू नका. कूलरचा (सीपीयूवरचा, खिडकीतला नव्हे) हिशोब सरळ असतो: लोड तेवढाच असेल तर खोली दहा अंशांनी तापली की सीपीयूही साधारण दहानेच वर जातो. पाच सेकंदांतली उडी त्यात बसत नाही.

किती वेळात तापतं ते पाहा. ॲल्युमिनियमचा ठोकळा तापायला मिनिटं लागतात. इतक्या लवकर १०० म्हणजे उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नाही. लोड चालू असताना पंख्यापासून हात लांब ठेवून फिनना (कूलरच्या पातळ पात्यांना) बाजूने बोट लावा. आत १०० आणि फिन कोमट, तर बैठक चुकली आहे, म्हणजे कूलर सीपीयूवर नीट टेकलेला नाही. धुळीचा किंवा कॅबिनेटचा दोष असता तर आकडा दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढला असता आणि बाजूचं झाकण काढल्यावर उतरला असता.

तुमच्याकडे कारणही दिसतंय. ११५१ ची छिद्रं ७५ मिलिमीटरच्या चौकोनात असतात, तुमच्या १७०० ची ७८ च्या. जुन्या पिना ओढूनताणून घुसतात, पण एखादी तिरकी राहते आणि कूलर एका कोपऱ्यावर उचललेला राहतो. काही बोर्डांवर दोन्ही मापांची छिद्रं असतात, तिथेही दाब कमी पडतो, कारण १७०० मधला प्रोसेसर थोडा ठेंगणा बसतो.

वॅटमामा:
बायोसही (बोर्डाची सेटिंग्ज) तपासा. १२४०० ची मर्यादा ६५ वॅट, टर्बोला (वाढीव वेगाला) ११७. पण पुष्कळ बोर्ड ‘पीएल१’ (सततच्या विजेची मर्यादा) मोकळा सोडतात. पीएल१ ६५ आणि पीएल२ (टर्बोची मर्यादा) ११७ करून बघा. विंडोजमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करायचा सल्लाही कुणीतरी देईलच. त्याने टर्बोच बंद होतो. ताप उतरतो, कामही रेंगाळतं.

उष्मांक:
बायोस जरूर बघा, पण बैठक आधी. वीज बंद, कूलरच्या पंख्याची वायर काढा, पिना बाणाच्या दिशेने फिरवून सोडवा. कूलर सरळ उपटू नका. किंचित डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा. पेस्टचा ठसा बघा: एका बाजूला पातळ आणि दुसरीकडे जाड थर, म्हणजे निदान पक्कं.

टंकवीर:
काढला. डावीकडे पेस्ट जवळपास लागलेलीच नाही, आणि बोर्डामागून पाहिलं तर एका पिनेचे पाय फाकलेलेच नाहीत.

उष्मांक:
मग लिक्विड कूलरचे पैसे राहू द्या. १७०० सॉकेटसाठीचा, मागच्या पट्टीवर स्क्रूने बसणारा टॉवर कूलर घ्या. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. एक बाजू आधी पूर्ण पिळली की तोच तिरपेपणा परत येतो. तळाची प्लास्टिक फिल्म काढा; ती विसरणारे दरवर्षी भेटतात.

वॅटमामा:
खिडकीतल्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. ओलसर हवेत धूळ फिनवर चिखलासारखी बसते, ब्लोअरनेही सुटत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. नवा कूलर बसल्यावर सिनेबेंच (सीपीयूवर पूर्ण लोड टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर (तापल्यामुळे वेग कमी होणं) ‘नो’ आहे का ते बघा.