शब्दचर्चा: 'परफेक्ट गेम'ला मराठीत काय म्हणाल?

धागाकर्ती, मिशिगन

आई सांगलीहून चार महिन्यांसाठी आमच्याकडे आली आहे. क्रिकेट तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यामुळे बेसबॉलही तिने आठवड्याभरात आपलासा केला. परवा २ जून २०१० चा डेट्रॉइटचा जुना सामना लावला होता. पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, आर्मांडो गॅलारागा, समोर क्लीव्हलंड. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगला तीन बळी. असे सत्तावीस गडी ओळीने बाद करायचे आणि एकालाही पहिल्या बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यांतला पहिला) पाय टेकू द्यायचा नाही, की झाला 'परफेक्ट गेम'. गॅलारागाने सव्वीस केले. सत्ताविसाव्याचा चेंडू घरंगळत उजवीकडे गेला, क्षेत्ररक्षक काब्रेराने उचलून बेसवर धावत आलेल्या गॅलारागाकडे टाकला. फलंदाज पाऊलभर मागे होता, आम्हाला सोफ्यावरून दिसत होतं. पंच जिम जॉइसने हात आडवे पसरले. सेफ, म्हणजे नाबाद! गॅलारागा नुसता हसला, परत जागेवर गेला आणि पुढच्याला बाद करून सामना संपवला.

नंतर चित्रफीत पाहून जॉइसने चूक कबूल केली, गॅलारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी खेळाडूंची यादी पंचांना द्यायला संघाने गॅलारागालाच पाठवलं, तेव्हा जॉइसचे डोळे भरून आले. पण निकाल काही बदलला नाही.

आई म्हणाली, "मग त्याचा विक्रम झाला की नाही?"

मी म्हटलं, नाही झाला. "सगळ्या जगाला दिसलं, पंचालाही मान्य, मग नाही कसा?" यावर माझी बोलती बंद. म्हणून इथे दोन प्रश्न टाकते. एक, परफेक्ट गेमला चांगला मराठी शब्द सुचवा. 'परिपूर्ण सामना' म्हटलं की मला सकस आहाराचा तक्ता आठवतो आणि 'निर्दोष सामना' म्हटलं की कोर्टातली सुटका. दोन, 'विक्रम' हा शब्द इथे चालतो का?

सोलापूरकर

ताई, शब्द घरातच आहे. भोपळा! फलंदाज शून्यावर गेला की आपण म्हणतो भोपळा, पहिली धाव काढली की भोपळा फोडला. बेसबॉलच्या धावफलकावर प्रत्येक संघापुढे शेवटी तीन आकडे असतात: धावा, फटके (चेंडू मारून सुखरूप बेस गाठला तेवढ्या वेळा), चुका. फलंदाजी करणाऱ्यांच्या धावा शून्य, की शटआउट, म्हणजे धावांचा भोपळा. त्यांचे फटकेही शून्य, की नो-हिटर. तिथे दुसराही भोपळा आला. पण नो-हिटरमध्ये माणूस चार बाहेरचे चेंडू सोडून फुकटात बेसवर जाऊ शकतो, क्षेत्ररक्षकाच्या चुकीने जाऊ शकतो, अंगावर चेंडू खाऊनही जातो. परफेक्ट गेममध्ये यातलं काही नाही. कुणी गेलाच नाही. म्हणून मी त्याला 'कोरा सामना' म्हणेन. कोरी पाटी, कोरं करकरीत कापड, तसा.

नो-हिटर तीनशेहून जास्त झाले आहेत. कोरे सामने १८८० पासून २०२३ पर्यंत फक्त २४, तेही दोन लाखांहून जास्त सामन्यांत. गंमत म्हणजे पहिले दोन पाच दिवसांच्या अंतराने झाले, १२ आणि १७ जून १८८० ला. तिसऱ्यासाठी १९०४ उजाडलं.

ठाण्यातून

'कोरा' आवडला, पण कोरा चहा म्हणजे ज्यात काहीतरी घालायचं राहिलं तो. कोरा सामना म्हटलं तर पावसाने धुतलेला वाटेल.

आणि कशाला एवढा अट्टहास? 'हॅटट्रिक'चं आपण काय वाकडं केलं? 'परफेक्ट गेम'च म्हणा.

सोलापूरकर

हॅटट्रिक शंभर वर्षं कानावर पडतेय. परफेक्ट गेम ताईंच्या आईंनी परवा ऐकला. फरक आहे.

नाशिककर

क्रिकेटमध्ये आपण 'मेडन'ला 'निर्धाव षटक' केलंच ना? आमच्या नाशिकचे बापू नाडकर्णी. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. त्यातली २१ निर्धाव ओळीने. 'निर्धाव' शब्द एवढा चपखल की तो कुणी बनवला हे विचारायची वेळच येत नाही. त्याच साच्यात नो-हिटरला 'निष्फटका' करून पाहिलं, पण तो दिवाळीतल्या सरकारी आदेशासारखा वाटला. मागे घेतो.

मास्तर (निवृत्त, व्याकरण सोडून सगळं विसरलो)

धागाकर्तीचा दुसरा प्रश्न जास्त रसाळ आहे आणि सगळे भोपळ्यात अडकले.

'विक्रम' हा संस्कृत 'क्रम्' धातूपासून, म्हणजे पाऊल टाकणे. वामनाने तीन पावलांत सगळं व्यापलं, म्हणून तो त्रिविक्रम. तिथून अर्थ झाला शौर्य, पराक्रम. जुन्या मराठीत विक्रम म्हणजे हाच. 'कुणी न गाठलेला आकडा' हा अर्थ अलीकडचा, वर्तमानपत्री. इंग्रजी 'रेकॉर्ड'चा खरा अर्थ आहे 'नोंद'. आपण नोंदीसाठी शौर्याचा शब्द घेतला आणि मग 'विक्रमाची नोंद झाली' असं बिनदिक्कत लिहू लागलो. त्याचं इंग्रजीत शब्दशः केलं तर 'रेकॉर्डचं रेकॉर्ड' होईल. आपल्याकडे मात्र ते खटकत नाही, कारण 'विक्रम'मधला जुना पराक्रम अजून पुरता मेलेला नाही.

आईंचा गोंधळ तिथेच आहे. त्या विचारतात पराक्रम झाला का, आणि उत्तर मिळतं नोंदीचं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण गॅलारागा नाही, हार्वी हॅडिक्स. २६ मे १९५९, पिट्सबर्गचा हा डावखुरा पिचर मिलवॉकीत खेळत होता. नऊ इनिंग कोऱ्या. पण त्याच्या संघालाही धाव काढता येईना. समोरचा ल्यू बर्डेट फटके देत होता, धाव देत नव्हता. सामना पुढे गेला. दहावी कोरी, अकरावी कोरी, बारावीही कोरी. ओळीने छत्तीस गडी! तेराव्या इनिंगला त्याच्याच संघातला, तिसऱ्या बेसचा क्षेत्ररक्षक डॉन होकने चेंडू वाकडा फेकला आणि पहिला माणूस बेसवर आला. पुढच्याने त्याला एक बेस पुढे सरकवलं, हँक आरनला मुद्दाम फुकट बेस दिला. मग जो अॅडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे टोलावला. त्यातही घोळ: आरन मध्येच वाट सोडून गेला, म्हणून होमरनचा डबल (दोन बेसचा फटका) झाला आणि ३-० ऐवजी निकाल लागला १-०. बर्डेटने बारा फटके दिले आणि तो जिंकला. हॅडिक्सने एकच दिला आणि हरला.

तरी वर्षानुवर्षं यादीत त्याचं नाव होतं. १९९१ मध्ये मेजर लीगच्या समितीने व्याख्या घट्ट केली: किमान नऊ इनिंग, आणि सामना संपेपर्यंत एकही फटका नको. त्या एका बैठकीत पन्नास नो-हिटर यादीतून गेले, त्यात हॅडिक्सही. बत्तीस वर्षांनी एका कागदाने त्याचा विक्रम काढून घेतला. हॅडिक्सचं उत्तर साधारण असं होतं की ठीक आहे, मी काय केलं ते मला ठाऊक आहे.

इथे मराठीत दोन वेगळे शब्द लागतात आणि ते आपल्याकडे आहेत. हॅडिक्सचा आणि गॅलारागाचा पराक्रम झाला, विक्रम झाला नाही. आईंना असं सांगा.

नाशिककर

मास्तर, मग 'उच्चांक' का नको? त्यात शौर्यबिर्य नाही, निव्वळ आकडा.

मास्तर

कारण सगळे आकडे वर जात नाहीत. १९६८ मध्ये सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने, क्षेत्ररक्षकांच्या चुकांच्या धावा सोडून, दर नऊ इनिंगला सरासरी १.१२ धावा दिल्या. दोन मुख्य लीगमध्ये १९२० नंतर हंगामभर इतक्या कमी कुणी दिलेल्या नाहीत. त्याला उच्चांक म्हणणार? 'नीचांक' म्हटलं तर महाबळेश्वरचा पारा आठवतो, शिवाय त्यात 'नीच' आहेच. त्या वर्षी एकूणच पिचर इतके भारी पडले की १९६९ पासून पिचरचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणला. उच्चांक झाला तो फक्त मातीचा, आणि तोही उतरवला.

इंदूरकर

एक शब्द माझाही. 'तारांकित'.

१९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ होमरन मारले आणि बेब रूथचे १९२७ चे ६० मागे टाकले. पण रूथच्या वेळी हंगाम १५४ सामन्यांचा, मॅरिसच्या वेळी १६२ चा. कमिशनर फोर्ड फ्रिकने हंगाम चालू असतानाच फर्मान काढलं की १५४ सामन्यांत झालं नाही तर नोंदीत वेगळी खूण करू. हा फ्रिक एकेकाळी रूथच्या नावाने लेख लिहून देणारा पत्रकार होता, हे जाता जाता. प्रत्यक्षात नोंदवहीत तारा (*) कधी छापला गेलाच नाही, दोन आकडे दोन वेगळ्या ओळींत ठेवले. पण लोकांच्या तोंडी 'मॅरिसचा तारा' कायमचा बसला. मास्तरांनी सांगितलेल्या त्याच १९९१ च्या समितीने ती वेगळी ओळ काढून टाकली. मॅरिस १९८५ लाच गेला होता.

तिकडे तारा म्हणजे किंतु. आपल्याकडे उलटं! विधानसभेत तारांकित प्रश्न म्हणजे ज्याला मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं तो, आणि पंचतारांकित हॉटेलाबद्दल तर बोलायलाच नको. 'मॅरिसचा विक्रम तारांकित होता' असं मराठीत लिहिलं तर वाचणारा टाळ्या वाजवेल. तिथे सरळ 'शेरा मारलेला विक्रम' म्हणावं. पगारवाढीच्या फायलीवर शेरा पडला की काय होतं ते प्रत्येकाला माहीत आहे.

आणि उत्तेजकांच्या संशयात अडकलेल्या बॅरी बाँड्सच्या ७५६ व्या, कारकिर्दीतला विक्रम मोडणाऱ्या होमरनचा चेंडू! एकाने साडेसात लाख डॉलरला घेतला, लोकांचं मत मागवलं, आणि चेंडूवर खरोखरचा तारा कोरून तो संग्रहालयाला दिला. शेरा थेट कातड्यावर.

ठाण्यातून

'मोडणे'बद्दलही बोला की कुणी. आपण विक्रमही मोडतो, हाडही मोडतो, शंभराची नोटही मोडतो.

मास्तर

बरी आठवण केलीत. मोडतो तो आकडा. सलग चाललेली गोष्ट मोडत नाही, तिच्यात खंड पडतो, व्रतात पडतो तसा. जो डिमॅजिओने १९४१ मध्ये सलग ५६ सामन्यांत किमान एकेक फटका मारला. १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये केन केल्टनरने तिसऱ्या बेसमागून दोन जबरदस्त चेंडू अडवले आणि खंड पडला. दुसऱ्या दिवसापासून पठ्ठ्याने आणखी सोळा सामने मारले. म्हणजे मालिका खंडित, विक्रम आजही अभंग.

कॅल रिपकनचं तर दोन्ही नाही. लू गेरिगचा सलग २,१३० सामन्यांचा आकडा त्याने १९९५ मध्ये मोडला आणि २,६३२ वर, सप्टेंबर १९९८ मध्ये, स्वतःच सांगितलं की आज मी बसतो. त्याला 'खंड पडला' म्हणवत नाही. उद्यापन केलं म्हणा.

सोलापूरकर

उद्यापन! मास्तर, साष्टांग नमस्कार.

नाशिककर

आणि बेस 'चोरतात', म्हणजे फटका न लागताच धावून पुढचा बेस गाठतात, त्याचं काय? रिकी हेंडरसनने १,४०६ बेस चोरले. आपली रेडिओवरची 'चोरटी धाव' तयारच आहे. 'चोरटा बेस' चालेल?

इंदूरकर

चोरटी धाव दोघं मिळून काढतात, बेस एकटा चोरतो. पण चालेल. तसाही हेंडरसन लपूनछपून काही करत नसे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आईला पराक्रम-विक्रम सांगितलं, तिला पटलं. "म्हणजे भारतरत्न मिळालं नाही तरी माणूस रत्न असतोच की," म्हणाली. शब्द म्हणून तिने 'कोरा' घेतला. ठाण्याच्या चहाची हरकत तिला मान्य नाही, कारण ती कोराच चहा पिते.

पण एक राहिलंच. या शब्दाला विटाळ आहे! नो-हिटर किंवा परफेक्ट गेम चालू असताना संघातलं कुणी तो शब्द उच्चारत नाही. पिचर बाकावर येऊन बसला की त्याच्या शेजारी कुणी बसत नाही, बोलत नाही. १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (हंगामाची अंतिम लढत) डॉन लार्सनने परफेक्ट गेम टाकला, त्या स्पर्धेतला आजवरचा एकमेव. सांगतात की त्या दिवशी मध्येच लार्सननेच संघातल्या मिकी मँटलजवळ विषय काढला आणि मँटल काही न बोलता लांब निघून गेला.

हे आईला सांगितलं तर तिला जराही नवल वाटलं नाही. "मग? आपण रात्री साप म्हणतो का? जनावर म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. नारळसुद्धा वाढवतो."

काल रात्री टीव्हीवर एक सामना चालू होता. सातव्या इनिंगपर्यंत समोरच्यांचा एकही माणूस बेसवर गेला नव्हता. आई मांडी घालून शेंगा सोलत बसली होती, टरफलं परातीत. मी "आई, अजून को…" म्हणेपर्यंत तिने शेंगेचा हात वर करून मला गप्प केलं. आठवीतल्या पहिल्याच फलंदाजाने चेंडू सरळ मध्ये मारला आणि आरामात पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला.

आईने परात पुढे सरकवली. "वाढला गं भोपळा."