सकाळच्या वचनाचं काय करायचं?

(घरच्या ग्रुपवर शनिवारी रात्री झालेली चर्चा. नावांच्या जागी नाती ठेवली आहेत.)

आत्या, भायखळा: सर्वांना सलाम. एक बोलायचंय, कोणी रागावू नका. पहाटे साडेपाचला मी शांत वेळेला बसते. अक्षर मोठं करता येतं म्हणून हल्ली शास्त्र, म्हणजे बायबल, मोबाईलवरच उघडते. काल स्तोत्र 46 काढलं. दहाव्या वचनाशी आले, देव शांत व्हा म्हणतो तिथं, आणि वरून पट्टी उतरली. गुलाब, कबुतर, सुप्रभात. मग दुसरी. मग त्या दुसरीला कोणीतरी हात जोडले. कोण ते बघायला गेले, तर कोणाच्या तरी बाप्तिस्म्याचे फोटो लागले. ते संपेपर्यंत पावणेसात. पाणी जायची वेळ.

काका, मुलुंड: अक्का, ते गुलाब माझे. पण त्यावर वचनच होतं ना? मी काही विनोद पाठवत नाही. रिटायर झाल्यावर एवढीच सेवा उरली आहे माझ्याकडे.

आत्या: तेच तर म्हणते. विनोद असता तर मी बघितलाच नसता. देवाच्या नावानं लक्ष उडतं, त्याला काय करायचं?

दादा, कांदिवली: काका, खरं सांगू? एकच वचन सकाळी तिघांकडून येतं. आपण अंगठा दाखवतो आणि पुढे जातो.

भाचा: लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, ग्रुपच बंद ठेवू. चाळीस दिवस.

वहिनी, वांद्रे: राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 होतात. रविवार वगळून 40.

भाचा: म्हणजे रविवारी गुलाब चालतील!

ताई, विक्रोळी: वेळेचं नंतर बघा, आधी जागेचं बोला. मत्तय 6:6 मध्ये आपल्या खोलीत जा, दार लावून घे, असं आहे. आमची खोलीच एक. त्यात चौघं आणि टीव्ही. दार लागतं ते फक्त बाथरूमचं, तिथंही कोणीतरी वाजवतंच. म्हणून मी लेडीज डब्यात प्रार्थना करते. कानात इअरफोन, वायरचं टोक पर्समध्ये मोकळंच, फोनला लावलेलंच नाही. कानात काही दिसलं की शेजारची बोलायला येत नाही. घाटकोपरला गर्दी आत घुसते तेव्हा खंड पडतो, तेवढा पडू देते. कुर्ल्यापर्यंत सगळ्यांच्या विनंत्या उरकतात. शीवपासून भायखळ्यापर्यंत काही मागायचं नाही, नुसतं उभं राहायचं. खरी प्रार्थना मला तीच वाटते.

आत्या: आई पदर डोक्यावरून पार कपाळाखाली ओढायची, आठवतं? चाळीत दार उघडंच. पण पदर ओढलेला दिसला की साखर मागायला आलेली बाईसुद्धा वाटी घेऊन उंबऱ्यावरून परत जायची.

काका: आणि आपण गप्प बसायचो. भूक लागली तरी.

वहिनी: माझ्या माहेरी वसईला वेळ घंटा ठरवायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ, देवदूताची प्रार्थना. बाराची घंटा झाली की हातातलं काम तसंच थांबायचं. इथं वांद्र्याच्या गावठाणात मे महिन्यात क्रुसापाशी रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, होते. त्यातले बरेच क्रूस 1896च्या प्लेगच्या काळातले. वीसेक मिनिटांचं काम, पण तिथं कोणी फोन बाहेर काढत नाही. काढला तर म्हाताऱ्या नुसत्या बघतात, बस्स.
अजून एक, हसू नका. येशूसंघाचे फादर त्यांच्या संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची दिवसअखेरीची पाहणी शिकवतात. दिवसात देव कुठे भेटला, मी कुठे निसटले, ते आठवायचं. मी ती स्क्रीन टाइम समोर उघडून करते. आठवायला फार ताण द्यावा लागत नाही.

मी: मार्क 1:35 आपण नेहमी सांगतो, येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात गेला. पण तिथंच थांबतो. पुढची तीन वचनं वाचा. शिमोन आणि सोबती शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुम्हाला शोधत आहेत. ते खोटं नव्हतं. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं होतं, आजारी माणसं होती. तरी तो मागे फिरला नाही, आसपासच्या गावांत जाऊ म्हणाला. आपला फोन दिवसभर तेच सांगत असतो, सगळे शोधत आहेत. फरक इतकाच की आपल्याला बहुतेक वेळा कोणी शोधत नसतं.

काका: हे पटलं. पण रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर? फोन बंद ठेवून कसं चालेल?

ताई: बंद नाही, काका. डू नॉट डिस्टर्ब. त्यात रिपीट कॉलर चालू ठेवायचं. अँड्रॉइडवर त्याच माणसाचा पंधरा मिनिटांत दुसरा फोन आला तर वाजतो. आयफोनवर तीन मिनिटांत. मी नाइट ड्युटीहून येऊन झोपते तेव्हा हेच लावते. ग्रुपही म्यूट होतो, आठ तास, एक आठवडा किंवा कायम. मेसेज येतात, वाजत नाहीत.

दादा: मी ॲडमिन. रात्री दहा ते सकाळी सात फक्त ॲडमिननं लिहायचं, असं सेटिंग करतो. ते आपोआप होत नाही, रोज हातानं करावं लागेल.

भाचा: म्हणजे दादा रोज विसरणार.

आत्या: कुलूप नको रे. काका, तू वचन बंद करू नकोस. संध्याकाळी सातनंतर पाठव. एकच. फुलं नकोत, स्वतःच्या हातानं टाइप कर आणि खाली लिही की तेच का निवडलंस.

काका: मराठी टाइप करायला मला अर्धा तास लागतो!

आत्या: लागू दे की. तेवढा वेळ तू त्या वचनापाशी बसशील.

दादा: बरं, मग कुलूप रद्द. आत्या, तुला मोठ्या अक्षराचं छापील शास्त्र आणतो.

ताई: उद्या उपासनेनंतर सगळ्यांनी फोन माझ्याकडे द्या, सेटिंग करून देते. काका, पासवर्ड आठवून या. मागच्या वेळी पाळकसाहेब चहाला थांबले आणि आपण पासवर्ड शोधत बसलो होतो.