प्लॅटिनमवरचा कार्बन मोनॉक्साइड उभाच असतो, हे कशावरून ठरले?

प्रयोगवही
नमस्कार. मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला भौतिक रसायनशास्त्र शिकवते. पृष्ठशोषणाचा, म्हणजे वायूचे रेणू घन पृष्ठभागावर चिकटण्याचा, पाठ घेताना मी फळ्यावर नेहमीप्रमाणे प्लॅटिनमच्या अणूंची ओळ काढली आणि तिच्यावर कार्बन मोनॉक्साइडचे रेणू उभे केले, कार्बन खाली आणि ऑक्सिजन वर. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की रेणू आडवा पडलेला नाही, किंवा ऑक्सिजन खाली करून उभा नाही, हे कुणी तपासले आणि कसे. लँगम्यूरच्या समीकरणाने किती जागा भरल्या एवढेच कळते. रेणू कसा बसला आहे यावर ते काहीच सांगत नाही. शिवाय एका चौरस सेंटिमीटरवर प्लॅटिनमचे सुमारे १.५ × १०¹⁵ अणू असतात, आणि त्यांच्या खाली लाखो थर. त्या सगळ्या धातूतून वरच्या एकाच थराचा संकेत वेगळा कसा काढतात? पुस्तकांत उपकरणांची नावे भरपूर सापडतात, पण कोणत्या उपकरणाने नेमके काय सिद्ध होते, हे मला कुठे नीट मिळाले नाही.

निर्वातकक्ष
ताई, मी काही वर्षे हेच काम केले आहे, त्यामुळे सुरुवात स्वच्छतेपासून करतो, कारण तिच्याशिवाय पुढच्या कोणत्याही मोजमापाला अर्थ उरत नाही. दाब टॉरचा (टॉर हे दाबाचे एकक) दहा लाखावा भाग इतका कमी केला, तरी आदळणारा प्रत्येक रेणू चिकटतो असे धरल्यास स्वच्छ पृष्ठभाग साधारण एका सेकंदात झाकला जातो. म्हणून दाब आणखी दहा हजार पटींनी खाली न्यावा लागतो. मग हाताशी जवळजवळ तीन तास मिळतात. त्यासाठी पोलादी कक्षाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून तो दीडशे अंशांच्या आसपास दिवसरात्र तापवतात, कारण भिंतींना चिकटलेले पाणी एरवी आठवडेच्या आठवडे हळूहळू सुटत राहते. स्फटिकावर आरगॉनच्या आयनांचा मारा करायचा, ऑक्सिजनमध्ये तापवून उरलासुरला कार्बन जाळायचा, मग उच्च तापमानाला नेऊन उखडलेले अणू पुन्हा जागेवर बसू द्यायचे, आणि हे चक्र पृष्ठभाग स्वच्छ होईपर्यंत चालवायचे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. वीस ते दोनशे इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन धातूत काही थरांपलीकडे ऊर्जा न गमावता जाऊ शकत नाहीत, म्हणून परावर्तित होऊन जे परत येतात ते वरच्या थरांचीच माहिती आणतात. डेव्हिसन आणि जर्मर यांनी १९२७ मध्ये निकेलवर दाखवलेले विवर्तन ते हेच. स्वच्छ प्लॅटिनमच्या (१११) पृष्ठभागासमोर, म्हणजे स्फटिकाच्या षटकोनी मांडणीच्या पातळीसमोर, पडद्यावर षटकोनी मांडणीचे ठिपके दिसतात. वायू थोडाथोडा सोडत गेले की त्यांच्या मधल्या जागेत नवे, फिकट ठिपके उमटू लागतात. रेणू वेडेवाकडे न बसता रांगेत बसल्याची ती खूण असते. कितीदा पाहिले तरी त्या क्षणी मला आनंदच होत असे.

वर्णरेषा
मांडणी कळली, पण ठेवण अजून कळलेली नाही, म्हणून मी तिथून पुढे लिहिते. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचे कंपन २१४३ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येला असते. प्लॅटिनमच्या एका अणूच्या डोक्यावर बसलेला रेणू साधारण २१०० ला, आणि दोन अणूंच्या मध्ये पुलासारखा बसलेला साधारण १८५० ला अवरक्त प्रकाश शोषतो. जितके अधिक धातुअणू कार्बनशी जोडलेले, तितका कार्बन-ऑक्सिजन बंध सैल. हे नाते धातूंच्या कार्बोनिल संयुगांवरून आधीच ठाऊक होते.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती शिकवताना बहुधा राहून जाते. पृष्ठभागाला समांतर असलेल्या द्विध्रुवाला (रेणूच्या धन व ऋण टोकांच्या जोडीला) धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन विरुद्ध प्रतिमा निर्माण करून झाकून टाकतात. त्यामुळे पूर्ण आडवा रेणू या वर्णपटात दिसतच नाही, आणि थोडा कललेला रेणू मात्र दिसतो. म्हणजे रेषा दिसली एवढ्यावरून रेणू सरळ उभा आहे असे म्हणता येत नाही. तो पूर्ण आडवा नाही, इतकेच म्हणता येते.

उभेपणाचा माझ्या मते सर्वांत सुंदर पुरावा क्ष-किरणांनी बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनांचा आहे. कार्बनच्या आतल्या कवचातून सुटलेला वेगवान इलेक्ट्रॉन वाटेत ऑक्सिजनचा अणू आला तर त्याच दिशेने अधिक एकवटतो. निकेलवरील प्रयोगांत कार्बनचा हा संकेत नेमका पृष्ठभागाच्या लंब दिशेत वाढलेला आढळला. याचा अर्थ ऑक्सिजन कार्बनच्या बरोबर डोक्यावर आहे. तो खाली असता तर ही वाढ मिळाली नसती. तुमच्या विद्यार्थिनीच्या दोन्ही शंका या एका मोजमापातून सुटतात.

प्रयोगवही
मनापासून आभार. हा शेवटचा प्रयोग मी आता फळ्यावर काढून दाखवू शकेन. मात्र वर्गात पुढचा प्रश्न नक्की येईल: आता स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने रेणू थेट दिसत असतील, तर या सगळ्या खटाटोपाची गरज काय?

निर्वातकक्ष
बिनिंग आणि रोरर यांना १९८६ चे नोबेल ज्या सूक्ष्मदर्शकासाठी मिळाले, त्याने या विषयाचे रूप बदलले हे खरेच. पण त्याची सुई अणूंना पाहत नाही. सुई आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये वाहणारा प्रवाह ती मोजते. तांब्यावरच्या कार्बन मोनॉक्साइडवरून धातूची साधी सुई फिरवली, तर रेणू उंचवट्याऐवजी खळग्यासारखा दिसतो. सुईच्या टोकावरच एखादा रेणू उचलून घेतला की तोच उंचवटा दिसू लागतो. रेणू तसाच असतो, बदललेली असते ती सुई. म्हणून चित्राचा अर्थ लावायला बाकीची मोजमापे लागतातच.

संगणकावरची गणितेही सहज सुटली नाहीत. २००१ मध्ये फाइबलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की त्या काळी प्रचलित असलेल्या घनता-फलन पद्धती (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या गणनपद्धती) हा रेणू प्लॅटिनमच्या तीन अणूंमधल्या खळग्यात बसवतात, तर प्रयोगांत कमी व्याप्तीला, म्हणजे पृष्ठभागावर थोडेच रेणू असताना, तो एका अणूच्या डोक्यावरच सापडतो. ही विसंगती बरीच वर्षे चर्चेत राहिली.

वर्णरेषा
एक छोटी भर. चित्र काढताना व्याप्ती किती हे जरूर लिहा. कमी व्याप्तीला सगळे रेणू अणूंच्या डोक्यावर काढावेत; दर दोन प्लॅटिनम अणूंमागे एक रेणू झाला की निम्मे डोक्यावर आणि निम्मे पुलावर काढावेत. तापवून रेणू सोडवायचा प्रयोग सांगणार असाल, तर वस्तुमानमापकात कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन दोन्ही २८ वरच येतात, हेही सांगा. फरक १२ आणि १४ च्या तुकड्यांवरून ओळखावा लागतो.